गुन्हेगार आणि दहशतवाद्यांचा छळ कधी समर्थनीय ठरतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छळ म्हणजे नेमके काय? दोन थपडा मारल्या तर तोही छळच का?

संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या छळविरोधी करारातील पहिल्या कलमात व्याख्या दिली आहे. वेदना तीव्र हवी, मग ती शरीराची असो वा मनाची. ती मुद्दाम दिलेली हवी. तिच्यामागे माहिती काढणे, कबुली घेणे, शिक्षा देणे, धाक घालणे किंवा भेदभाव असा काही हेतू हवा. आणि ती देणारा सरकारी माणूस हवा, निदान त्याची फूस, संमती किंवा कानाडोळा तरी हवा. कायदेशीर शिक्षेसोबत ओघाने येणारे दुःख, जसे तुरुंगवासाचे, यात धरत नाहीत.

दोन थपडा या व्याख्येत बसतीलच असे नाही. पण म्हणून त्या चालतात असेही नाही, कारण त्याच कराराचे १६ वे कलम क्रूर, अमानुष आणि मानहानीकारक वागणुकीला मनाई करते. खरी ओढाताण असते ती या दोन पायऱ्यांमधल्या रेषेवर. ही रेषा आपल्या सोयीने सरकवण्याचा मोह सरकारांना आवरत नाही. अमेरिकेच्या न्यायखात्याच्या ऑगस्ट २००२ च्या एका टिपणाने 'तीव्र वेदना' म्हणजे अवयव निकामी होताना किंवा मृत्यू येताना होतात तेवढ्या वेदना, असा अर्थ लावला होता. त्या हिशेबाने जगातला बहुतेक छळ छळच उरला नसता. २००४ मध्ये ते टिपण मागे घ्यावे लागले.

युद्ध, आणीबाणी किंवा मोठा दहशतवादी हल्ला झाला असेल तर कायदा सूट देतो का?

नाही. कराराच्या दुसऱ्या कलमातच लिहिले आहे की युद्ध, युद्धाची भीती, अंतर्गत अस्थिरता किंवा दुसरी कोणतीही आणीबाणी हे छळाचे समर्थन होऊ शकत नाही. वरिष्ठाचा हुकूम होता, ही सबबही तेच कलम नाकारते. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आणीबाणीत काही हक्क स्थगित करता येतात, पण छळबंदीचे सातवे कलम त्यातून वगळलेले आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारांतील सामाईक तिसरे कलम हातात शस्त्र नसलेल्या, पकडलेल्या शत्रूलाही हे संरक्षण देते.

१७० पेक्षा जास्त देश छळविरोधी कराराला बांधलेले आहेत. भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अनुमोदन दिलेले नाही. तरीही अशा देशांना मोकळीक मिळत नाही. गुलामगिरीवरची बंदी जशी करार न करणाऱ्यालाही लागू असते, तशीच ही आहे.

पण शहरात टायमर लावलेला बॉम्ब आहे आणि तो कुठे आहे हे एकालाच माहीत आहे. तेव्हा काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून उत्तरही लांबलचक आहे.

प्रश्न असा रचलेला आहे की उत्तर त्यात आधीच घालून ठेवले आहे. सहा गोष्टी त्यात गृहीत धरलेल्या आहेत: बॉम्ब खरोखर आहे, पकडलेला माणूस तोच आहे, त्याला जागा माहीत आहे, बॉम्ब शोधून निकामी करायला वेळ आहे, छळ केल्यावर तो त्या वेळात बोलेल आणि खरे बोलेल, आणि दुसरा कोणताही मार्ग उरलेला नाही. गोष्ट सांगणाऱ्याला या सहाही बाबी शंभर टक्के माहीत असतात. चौकशीच्या खोलीत बसलेल्याला त्यातली एकही तशी माहीत नसते.

हिशेब करून पाहा. प्रत्येक बाबीची खात्री ८० टक्के आहे आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरले, तर सहाही खऱ्या असण्याची शक्यता ०.८ ला सहा वेळा गुणून येते, म्हणजे सुमारे २६ टक्के. खात्री ९० टक्क्यांवर नेली तरी ५३ टक्के. म्हणजे उत्तम तपासात, उत्तम पुराव्यानिशीही जवळजवळ नाणेफेकच. आणि चौकशीत ९० टक्के खात्री क्वचित हाती येते.

शिवाय वेळेचे गणित कैद्याच्या बाजूचे असते. त्याला आयुष्यभर तग धरायचा नसतो, काटा पुढे सरकेपर्यंतच धरायचा असतो. एक खोटा पत्ता दिला की पथक तिकडे धावते, इमारत रिकामी करते, खोली-खोली तपासते. तेवढे तास त्याने कमावले. मुरलेला अतिरेकी हे जाणून असतो, चुकून पकडलेला माणूस नसतो. त्यामुळे जास्त वेळ छळ कोणाचा होतो? ज्याच्याकडे सांगण्यासारखे काहीच नाही त्याचा. 'मला माहीत नाही' हे खरे उत्तर आणि 'मी सांगणार नाही' हा हट्ट बाहेरून सारखेच दिसतात.

सहाही बाबी खऱ्या आहेत असे मानलेच तर?

मग अनेक विचारी माणसे 'हो' म्हणतील, आणि त्यांना आम्ही क्रूर म्हणणार नाही. परिणामांवरून कृत्य जोखणाऱ्याला हजार जीव आणि एकाची वेदना यांत निवड करणे अवघड जात नाही. माणसाला कधीच नुसते साधन म्हणून वापरू नये असे मानणारा तिथेही 'नाही' म्हणेल. हा वाद जुना आहे आणि तो इथे मिटणार नाही.

मात्र 'समर्थनीय' आणि 'क्षम्य' यांत फरक आहे. एखाद्या अधिकाऱ्याने टोकाच्या प्रसंगी कायदा मोडला, स्वतःहून न्यायालयापुढे उभा राहिला आणि न्यायाधीशाने परिस्थिती पाहून शिक्षा सौम्य केली, तर ती क्षमा झाली. त्याच प्रसंगासाठी आधीच परवानगी, नियमावली, प्रशिक्षण आणि खोली तयार ठेवणे ही व्यवस्था झाली. पहिल्यात अधिकारी स्वतःची नोकरी आणि स्वातंत्र्य पणाला लावतो, म्हणून दहादा विचार करतो. दुसऱ्यात तो फॉर्म भरतो.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९९९ मध्ये साधारण हाच भेद केला. १९८७ च्या लँडाऊ आयोगाने (सरकारी चौकशी आयोगाने) 'मध्यम शारीरिक दबावा'ला मुभा दिली होती. न्यायालयाने जोरजोरात हलवणे, वेदनादायक स्थितीत बांधून ठेवणे अशा पद्धतींचा अधिकार सुरक्षा यंत्रणेला नाही असे ठरवले. एखाद्या अधिकाऱ्यावर खटला झालाच तर त्याला 'नाइलाज होता' असा बचाव मांडता येईल, पण त्या बचावातून आगाऊ अधिकार निर्माण होत नाही, असे निकालात म्हटले. टीकाकारांच्या मते एवढी फटही जास्तच आहे. त्या म्हणण्यात तथ्य आहे.

खऱ्या आयुष्यात असा प्रसंग आला आहे का?

सर्वांत जवळचा आणि पूर्ण नोंद असलेला प्रसंग जर्मनीतला, २००२ चा. फ्रँकफर्टमध्ये ११ वर्षांच्या मुलाचे खंडणीसाठी अपहरण झाले. खंडणी उचलणारा कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला, पण मूल कुठे आहे ते सांगेना. पोलीस उपप्रमुखाच्या आदेशावरून त्याला असह्य वेदना देण्याची धमकी दिली गेली. तो बोलला, आणि त्याने सांगितलेल्या जागी मुलाचा मृतदेह सापडला. मूल अटकेच्या आधीच मारले गेले होते.

माणूस बरोबर होता, त्याला जागा माहीत होती, धमकीने तो खरे बोलला. तरी एक गृहीतक चुकले, तेही सर्वांत महत्त्वाचे: वाचवायला कोणी उरलेच नव्हते. खटल्यात धमकीखाली दिलेले जबाब बाद झाले. आरोपीने न्यायालयात नव्याने कबुली दिली म्हणून जन्मठेप होऊ शकली, नाहीतर बालहत्येचा खटलाच डळमळला असता. उपप्रमुख आणि धमकी देणारा अधिकारी दोघेही २००४ मध्ये दोषी ठरले, पण शिक्षा अगदी सौम्य म्हणजे स्थगित दंडाची झाली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१० मध्ये 'गेफ्गेन विरुद्ध जर्मनी' निकालात नुसती धमकीही अमानुष वागणूक ठरते असे सांगितले.

छळाने माहिती मिळतच नाही, हे खरे आहे का?

असे सरसकट म्हणणे चूक आहे. छळाचे विरोधकही हे वाक्य बेधडक फेकतात आणि मग एका उलट उदाहरणापुढे गप्प होतात. छळाखाली माणसे बोलतात, आणि कधी कधी खरेही बोलतात. अडचण ही की खरे, खोटे, अर्धवट आणि समोरच्याला हवे असलेले असे सगळे एकाच ओघात बाहेर पडते. त्यातले दाणे कोणते आणि भुसा कोणता हे ओळखायचे तर माहिती आधीच हाती हवी. ती असती तर छळाची गरज पडली नसती.

रोमन विधिज्ञ उल्पियन यांनी अठराशे वर्षांपूर्वीच छळाला नाजूक, धोक्याचे आणि सत्याला चकवा देणारे साधन म्हटले होते. काही जण वेदना पचवून काहीच सांगत नाहीत, आणि काही जण वेदनेपेक्षा खोटे बोलणे पत्करतात.

यात शरीराचाही वाटा आहे. दीर्घ ताण, उपासमार आणि झोपमोड यांनी आठवण परत आणण्याची मेंदूची क्षमताच बिघडते. ज्या स्मृतीसाठी छळ करायचा, तिचीच नासाडी होते. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, न केलेल्या चुकीच्या कबुलीवर सही करण्याचे प्रमाण रात्रभर झोपलेल्यांत १८ टक्के, तर एक रात्र जागवलेल्यांत ५० टक्के होते. ती फक्त एक रात्र होती, आणि चूक म्हणजे संगणकाचे एक बटण दाबणे.

चुकीच्या माहितीने फार काय बिघडते? तपासून घेता येते की.

इब्न अल-शेख अल-लिबी या लिबियाच्या दहशतवादी संशयिताला २००१ च्या अखेरीस पकडून इजिप्तच्या ताब्यात दिले गेले. तिथे त्याने सांगितले की इराकने अल-कायदाला रासायनिक व जैविक शस्त्रांचे प्रशिक्षण दिले. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेतील भाषणात ही माहिती वापरली. पुढच्याच महिन्यात इराकवर आक्रमण झाले. २००४ मध्ये अल-लिबीने जबाब फिरवला: मार चुकवण्यासाठी बनवून सांगितले होते. तपासून घेण्याची तसदी नेमकी तेव्हाच घेतली जात नाही, जेव्हा उत्तर मनासारखे असते.

दुसरे बिघडते ते तपासाचे. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमधील स्फोटांत २१ जण मेले. सहा जणांना जन्मठेप झाली, त्यातल्या चौघांच्या कबुल्या मारहाणीतून आलेल्या होत्या. १९९१ मध्ये सर्वजण निर्दोष सुटले. तोवर १६ वर्षे गेली होती, आणि त्या हत्यांबद्दल खऱ्या गुन्हेगारांना शिक्षा झालीच नाही. कबुली मिळाली की शोध थांबतो. छळाचा हा तोटा बळी पडलेल्यांच्या कुटुंबांच्या वाट्याला येतो, हे सहसा कोणी बोलत नाही.

सीआयएच्या 'कठोर चौकशी'ने तर हल्ले टळले म्हणतात?

सीआयएचा तसा दावा होता. अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीच्या डिसेंबर २०१४ च्या अहवालाने तो फेटाळला, आणि सीआयएने अहवालातील निष्कर्षांना आक्षेप घेतला. अहवालातले आकडे असे: ११९ कैदी, त्यांतल्या ३९ जणांवर या पद्धती वापरल्या, आणि निदान २६ जणांना कोंडण्याइतकाही आधार नव्हता. खालिद शेख मोहम्मदवर १८३ वेळा वॉटरबोर्डिंग (चेहऱ्यावर कापड टाकून त्यावर पाणी ओतत बुडण्याचा भास देणे) झाले, अबू झुबैदा या दुसऱ्या कैद्यावर ८३ वेळा. एक प्रभावी साधन १८३ वेळा का वापरावे लागावे, हा प्रश्न आम्हाला तरी पुरेसा बोलका वाटतो. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद होता, हे अबू झुबैदाने एफबीआयच्या साध्या चौकशीत सांगितले होते, वॉटरबोर्डिंगच्या काही महिने आधी.

फक्त दहशतवाद्यांपुरती आणि न्यायाधीशाच्या परवानगीने मुभा दिली तर?

'छळाचे वॉरंट' ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १५४० ते १६४० या काळात प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे राजाचे सल्लागार मंडळ, अशी वॉरंट देत असे, आणि ऐंशीच्या आसपास वॉरंटांची नोंद सापडते. सुरुवात राजद्रोहापासून झाली, पण यादीत दरोडा आणि चोरीसारखे साधे गुन्हेही आले.

असे का होते, ते कामाच्या पद्धतीतच आहे. परवानगी मागताना न्यायाधीशासमोर एकच बाजू असते, कागद गुप्त असतात आणि वेळ कमी असतो. नकार दिला आणि स्फोट झाला तर दोष न्यायाधीशाचा. परवानगी दिली आणि माणूस निरपराध निघाला तर कोणाला कळणारही नाही. अशा तराजूत पारडे कुठे झुकेल ते उघड आहे. शिवाय छळ करायला माणसे लागतात, ती शिकवावी लागतात, डॉक्टर जवळ ठेवावा लागतो. महिनोन्‌महिने कामाविना बसलेले खाते स्वतःसाठी काम शोधते.

मानसिक दबाव, झोपू न देणे, एकांतवास: यात रक्त सांडत नाही, मग हरकत काय?

व्याख्येत मानसिक वेदना आहेच. उत्तर आयर्लंडमध्ये १९७१ साली १४ जणांवर पाच पद्धती एकत्र वापरल्या गेल्या: भिंतीशी तासन्‌तास उभे करणे, डोक्यावर पिशवी, सततचा गोंगाट, झोपू न देणे, अन्नपाणी तोडणे. युरोपीय न्यायालयाने १९७८ मध्ये त्याला 'अमानुष' म्हटले, 'छळ' म्हटले नाही. पुढे हाच निकाल ढालीसारखा वापरला गेला, जणू अमानुष असणे हे प्रमाणपत्रच. पण मनाई दोन्हींना आहे.

एकांतवासाचे मोजमाप कैद्यांच्या वागणुकीबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत आहे: दिवसाचे २२ तास किंवा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणे म्हणजे एकांतवास, आणि तो सलग १५ दिवसांहून जास्त चालला तर निषिद्ध. रक्त न सांडणारा आणखी एक प्रकार म्हणजे नार्को, औषध देऊन बोलते करण्याची चाचणी; तिच्याबद्दल भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही असे ठरवले. औषधाने माणूस जास्त बोलतो, जास्त खरे बोलत नाही.

युद्धात शत्रूला ठार मारणे चालते. मग छळ त्याहून वाईट कसा?

चांगला प्रश्न आहे. फरक वेदनेच्या मापात नाही, परिस्थितीत आहे. गोळी झाडली जाते ती हल्ला करू शकणाऱ्यावर. त्याने हात वर केले की त्याच सैनिकाला मारणे युद्धगुन्हा होतो. छळ सुरूच होतो तो हात बांधल्यानंतर.

त्यांनी निरपराधांना मारले. त्यांना कसले मानवाधिकार?

चौकशीच्या खोलीत 'दहशतवादी' नसतो, 'संशयित' असतो. जर्मन नागरिक खालेद अल-मसरी यांना डिसेंबर २००३ मध्ये मॅसेडोनियात पकडून सीआयएच्या हवाली केले, अफगाणिस्तानात महिनोन्‌महिने डांबले, आणि शेवटी माणूसच चुकला असे निघाले. गुन्हा सिद्ध झाल्यावर शिक्षा न्यायालय देते, आणि ती कितीही कडक असू शकते. सूड म्हणून छळ हवा असेल तर तसे स्पष्ट म्हणावे, त्याला माहितीच्या गरजेचे कपडे घालू नयेत.

मग कट्टर गुन्हेगाराकडून माहिती काढायची कशी?

दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाचा चौकशी अधिकारी हान्स शार्फ पकडलेल्या वैमानिकांना दरडावत नसे. तो फिरायला नेई, गप्पा मारी आणि सगळे आधीच ठाऊक असल्यासारखा बोले. मधेच एखादी चूक पेरी. कैदी ती दुरुस्त करी आणि आपण काही सांगितले हे त्याच्या लक्षातही येत नसे.

इंग्लंडमध्ये खोट्या कबुल्यांच्या प्रकरणांनंतर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलीस चौकशीची 'पीस' पद्धत आली. तिचे पाच टप्पे: पूर्वतयारी, ओळख व हक्कांची माहिती, माणसाला अडवणूक न करता पूर्ण हकिगत सांगू देणे आणि मग खोलात जाणे, समारोप, मूल्यमापन. हातातला पुरावा आधी दाखवायचा नाही. फोनचे तपशील, सीसीटीव्ही, बँकेच्या नोंदी झाकून ठेवून हकिगत घ्यायची, आणि मग विसंगती एकेक करून पुढे ठेवायची. यात सर्वांत मोठी चूक होते ती पूर्वतयारीत. फाइल न वाचता आत गेलेला अधिकारी तिसऱ्या मिनिटाला अडतो, आणि अडलेला अधिकारी आवाज चढवतो. २०२१ च्या मेंडेझ तत्त्वांनी (दबावाविना चौकशी कशी करावी याच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनी) हीच दिशा जगभरासाठी मांडली आहे.

कोठडीतला छळ रोखायला नेमके काय लागते?

धोका सर्वांत जास्त पहिल्या काही तासांत असतो. अटकेची खरी वेळ नोंदवणे, घरच्यांना कळवणे, वकील, स्वतंत्र डॉक्टर, पूर्ण चौकशीचे चित्रीकरण आणि लवकरात लवकर न्यायाधीशासमोर हजेरी, एवढे झाले तर बराचसा छळ आपोआप बंद होतो. कोठडी सांभाळणारे आणि तपास करणारे अधिकारी वेगळे हवेत.

पळवाटाही ठरलेल्या असतात. माणूस सकाळी उचलतात आणि अटक रात्री दाखवतात. कॅमेरा चौकशीच्या खोलीत असतो पण मार गाडीत पडतो. डॉक्टर तपासतात, पण पोलीस शेजारी उभे असतात. म्हणून छापील नियमापेक्षा अचानक भेट देणारे बाहेरचे पथक जास्त कामी येते, आणि २००६ पासून लागू असलेला छळविरोधी कराराचा पूरक करार त्यासाठीच आहे.

छळ झाल्याचा आरोप असेल तर पुरावा कसा टिकवायचा?

वेळ दवडू नये. वळ आणि खरचटणे काही दिवसांत फिके पडते. वैद्यकीय तपासणीसाठी १९९९ चा इस्तंबूल प्रोटोकॉल, म्हणजे छळाची तपासणी व नोंद कशी करावी याची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका, २०२२ मध्ये सुधारलेली, वापरतात. डॉक्टरने पीडिताची हकिगत त्याच्याच शब्दांत लिहावी, प्रत्येक जखम शरीराच्या आकृतीवर दाखवावी, मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि मानसिक तपासणीही करावी. मग जखम व हकिगत यांचा मेळ पाचपैकी एका पायरीत लिहावा: विसंगत, सुसंगत, अतिशय सुसंगत, नमुनेदार (अशा छळात सहसा दिसणारी), निदानात्मक (दुसऱ्या कशाने होऊच न शकणारी). नुसते 'जखमा आढळल्या' असे लिहिलेले प्रमाणपत्र न्यायालयात जवळजवळ निरुपयोगी ठरते. उलट, अंगावर खूण नाही म्हणजे छळ नाही असाही अर्थ काढता येत नाही.

अटकेच्या क्षणीचा वैद्यकीय अहवाल मिळवणे तितकेच महत्त्वाचे. युरोपीय न्यायालयाने १९९९ च्या 'सेलमुनी विरुद्ध फ्रान्स' निकालात सांगितले आहे की आत जाताना धडधाकट असलेला माणूस बाहेर येताना जखमी असेल, तर त्या जखमा कशा झाल्या याचा पटेल असा खुलासा सरकारने द्यायचा असतो.